दार उघडण्याआधीचा वेळ

‘रेनबो सिक्स’ ही व्हिडिओ गेमची मालिका १९९८ पासून चालू आहे. तिच्यातला ‘लॉकडाउन’ हा भाग २००५ साली प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या कन्सोलवर आला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पीसीवर. कथानक त्या काळच्या रिवाजाला धरून होते. एका दहशतवादी संघटनेने ‘लीजन’ नावाचा घातक विषाणू पळवला आहे आणि तो वापरला जाण्याआधी निवडक कमांडोंच्या आंतरराष्ट्रीय पथकाने तिला गाठायचे आहे. चित्रे बरी होती, आवाज चांगले होते, आणि एक्सबॉक्सवर ऑनलाइन खेळायची सोय तर मनापासून केलेली होती. तरीही मालिकेच्या जुन्या खेळाडूंना हा भाग उतरता वाटला, आणि पीसीवर आला तेव्हा समीक्षकांनीही त्याची गय केली नाही. या अपेक्षाभंगाची दोन कारणे आजही सांगितली जातात. पहिले असे की, कन्सोलच्या गेमपॅडवर डावपेचांचा खेळ जमतच नाही. दुसरे असे की, मोठी कंपनी एखादी मालिका विकत घेते, मूळ कारागीर बाजूला पडतात आणि परके हात ती बिघडवतात. दोन्ही ऐकताना पटतात, पण पुरावा तपासू लागलो की दोन्ही ढासळतात. माझे म्हणणे असे आहे की, खेळाडूने विचारात घालवलेला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असे खेळ बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी गृहीत धरले आणि तिथेच ‘लॉकडाउन’ची घडी विस्कटली.

त्यासाठी मूळ खेळ काय होता हे आधी पाहावे लागेल. कादंबरीकार टॉम क्लॅन्सी यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रेड स्टॉर्म ही कंपनी निघाली. तिचा कारभार डग लिटलजॉन्स हे ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडीचे कप्तान पाहत होते. पाणबुडीवरचा माणूस आधी ऐकतो, मोजतो आणि मग हलतो, हे त्यांच्या कंपनीचा पहिला गाजलेला खेळ खेळताना आठवल्याशिवाय राहत नाही. १९९८ मध्ये क्लॅन्सींची ‘रेनबो सिक्स’ ही कादंबरी आणि त्याच नावाचा हा खेळ दोन्ही आले. मोहिमेची सुरुवात नकाशापासून होई. इमारतीचा मजलेवार आराखडा समोर असे, शत्रू आणि ओलीस कुठे असू शकतील याची माहिती असे, आणि हाताशी जास्तीत जास्त आठ माणसे. त्यांच्या तुकड्या पाडायच्या, प्रत्येकाला हत्यार आणि साहित्य द्यायचे, कोणती तुकडी कोणत्या दाराने शिरेल, कुठे थबकेल, कुठे डोळे दिपवणारा फ्लॅशबँग टाकेल आणि ‘अल्फा’, ‘ब्राव्हो’, ‘चार्ली’ यांपैकी कोणत्या इशाऱ्यावर पुढे सरकेल हे सगळे रेघा ओढून ठरवायचे. प्रत्यक्ष मोहीम काही मिनिटांत आटपे, आखणीला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागे. एकदोन गोळ्यांत माणूस जाई आणि मेलेला कमांडो पुढच्या मोहिमेला मिळत नसे. नवख्याला हा खेळ जाचक वाटे, आणि ते स्वाभाविक होते.

आखणी आणि कारवाईचे हे प्रमाण लेखकाच्या लहरीतून आलेले नव्हते. ओलीस सोडवण्याच्या कामाचा तोच स्वभाव आहे. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात लोकांना ओलीस धरले गेले. वेढा ३० एप्रिलला सुरू झाला आणि ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष पथकाने धाड घातली ती ५ मेला. सहा दिवस वाटाघाटी, टेहळणी, इमारतीचा अभ्यास आणि आखणी चालली, आणि प्रत्यक्ष कारवाई अवघ्या १७ मिनिटांत उरकली. पहिल्या ‘रेनबो सिक्स’ने हे प्रमाण जवळपास जसेच्या तसे खेळात उतरवले, आणि त्याची ओढही नेमकी त्यातच होती. आखलेले बरोबर निघते की नाही हे पाहताना जो ताण येतो, तो नुसत्या नेमबाजीत येत नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे पथक उभारले, त्यामुळे अशा पथकांचे काम बंदूक चालवण्यापुरते नसते हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

राजूरच्या वाचकाला तर ते आणखी जवळचे वाटावे. वणी तालुक्यातले हे गाव कोळशाचे आणि चुनाभट्ट्यांचे. भूमिगत खाणीत पाळी लागण्याआधी माइनिंग सरदार कामाच्या जागी फेरी मारतो, गॅस आहे का पाहतो, छत ठोकून त्याचा आवाज ऐकतो, हवा नीट खेळते आहे याची खात्री करतो आणि मगच माणसे आत सोडतो. त्या फेरीत कोळशाचा एक डबा भरत नाही. उत्पादनाचा तक्ता घेऊन बसलेल्याने ती ‘बिनकामाची’ म्हणून कापायचे ठरवले तर कागदावर वेळ वाचेल, पण आत जाणाऱ्याच्या दृष्टीने कामाचा अर्थच बदलेल. व्हिडिओ गेममध्ये कोणाचा जीव जात नाही, तेव्हा तुलना इथेच थांबवतो. कापण्यामागचा हिशेब मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

आता ‘लॉकडाउन’ने काय कापले ते पाहू. २००३ साली पीसीवर आलेला ‘रेव्हन शील्ड’ हा जुन्या पद्धतीचा शेवटचा मोठा भाग. त्यात आखणीचा नकाशा होता, तीन तुकड्या होत्या, आणि दारसुद्धा थोडेथोडे करून उघडता येई. फटीतून डोकावायचे, मग ठरवायचे. दोन वर्षांनी ‘लॉकडाउन’मध्ये नकाशा नाही, तुकड्या नाहीत. डिंग चावेझ हा एक नायक आणि मागे तीन साथीदार, एवढेच पथक. इमारती अशा रचलेल्या की बहुतेक ठिकाणी जायची वाट एकच. तुम्ही पुढे चालायचे, शत्रू समोर येणार, त्याला टिपायचे, पुन्हा पुढे चालायचे. गोळी लागली तरी बहुधा भागते, म्हणून चुकीची किंमत कमी आणि त्यामुळे सावधपणाचीही कमी. मधूनमधून डिटर वेबर या नेमबाजाच्या दुर्बिणीतून एकामागून एक माणसे टिपायचे प्रसंग येतात. ते कौशल्याचे आहेत, पण जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानावर लागते तेवढ्याच कौशल्याचे. एकेक बदल वेगळा काढला तर कोणताच अक्षम्य नाही. सगळे मिळून मात्र एक गोष्ट करतात: दारापाशी थांबण्याचे कारणच उरू देत नाहीत. पलीकडे काय आहे याने फारसा फरक पडत नसेल, शिरायला दुसरी वाट नसेल आणि चूक परवडत असेल, तर शहाणा खेळाडू थांबेल तरी कशाला?

पहिला आक्षेप गेमपॅडचा. माऊस आणि कीबोर्डवर नकाशा आखणे सोपे, दोन काड्या आणि आठ-दहा बटणांवर अवघड, तेव्हा कन्सोलवर येताना आखणी गळणे अटळ होते, असे म्हणतात. पण निन्टेन्डो ६४ वर १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या ‘रेनबो सिक्स’मध्ये आखणीचा टप्पा होता, आणि ते यंत्र ‘लॉकडाउन’च्या यंत्रांपेक्षा पुष्कळच दुबळे होते. त्याहून बोलका दाखला ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’चा. २००४ मध्ये एक्सबॉक्सवर आलेल्या या खेळाचे मूळ अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण-प्रकल्पात होते. त्यात खेळाडू स्वतः बंदूक चालवतच नाही. दोन तुकड्यांना हुकूम द्यायचे, एकीने शत्रूला दाबून धरायचे आणि दुसरीने वळसा घालायचा, एवढेच त्याचे काम, आणि तेही गेमपॅडवर. तिसरा दाखला तर घरचाच आहे. मार्च २००५ मध्ये, म्हणजे ‘लॉकडाउन’च्याच वर्षी, त्याची प्रकाशक कंपनी युबिसॉफ्ट हिनेच ‘ब्रदर्स इन आर्म्स’ प्रकाशित केला, त्याच एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन २ साठी. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईवरच्या या खेळात बाजूने वळसा घालायचा विचार न करता पुढे धावणारा हमखास मरतो. लोकांनी तो उचलून धरला. प्रकाशक एक, वर्ष एक, यंत्रे तीच. मग दोष गेमपॅडच्या माथी कसा मारायचा?

दुसरा आक्षेप माझ्याच म्हणण्यावर आहे; तो जास्त जड आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आखणीचा नकाशा ‘लॉकडाउन’ने पहिल्यांदा काढला नव्हता. २००३ च्या अखेरीस एक्सबॉक्सवर आलेल्या ‘रेनबो सिक्स ३’ मध्येही तो नव्हता, नायक तोच चावेझ होता, साथीदारही तीनच, आणि तरी तो खेळ गाजला. ‘हेलो २’ हा नेमबाजीचा खेळ येईपर्यंत एक्सबॉक्सच्या ऑनलाइन जगात त्याला मोठी गर्दी होती. ‘लॉकडाउन’नंतर वर्षभराने, २००६ मध्ये, आलेला ‘व्हेगस’ तर मूळ पद्धतीपासून आणखी लांब होता. थोडे आडोशाला बसले की जखम आपोआप भरून येई. त्याचेही स्वागतच झाले. मग आखणी गेल्याने ‘लॉकडाउन’ बिघडला या म्हणण्याला आधार काय?

आधार या दोन खेळांतच आहे. आखणी म्हणजे नकाशाचा पडदा, असे मानले तर आक्षेप बिनतोड ठरतो. पण नकाशा हे साधन होते. ते काम करायच्या आणखीही रीती आहेत, आणि या दोन्ही खेळांनी त्या शोधल्या. ‘रेनबो सिक्स ३’ मध्ये साथीदारांना एका दाराशी उभे करायचे, आत ग्रेनेड टाकून मग खोली मोकळी करायचा हुकूम देऊन ठेवायचा, स्वतः दुसऱ्या दाराशी जायचे आणि ‘झुलू’ म्हटले की दोन्हीकडून एकदम शिरायचे. हे हुकूम हेडसेटवर बोलून देता येत; म्हणजे नकाशावर ओढायची रेघ इथे दारापाशी तोंडाने ओढली जात होती. ‘व्हेगस’मध्ये दाराखालच्या फटीतून कॅमेऱ्याची तार सरकवायची, आत कोण कुठे उभा आहे ते पाहायचे, दोघांवर खूण करून साथीदारांना ‘आधी हे’ म्हणून सांगायचे, आणि आपण दुसऱ्या दाराने किंवा दोर लावून खिडकीतून आत उतरायचे. अर्ध्या तासाची आखणी दहा सेकंदांत आणली, पण ती प्रत्येक दारापाशी पुन्हा करायला लावली. ‘लॉकडाउन’ या दोहोंच्या मध्ये पडला. हुकमांची यादी त्याने ठेवली, पण हुकूम देण्याची गरज काढून घेतली.

याच कारणासाठी एप्रिल २००५ चा ‘स्वॉट ४’ शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. पीसीवरचा, पोलिसी पथकाचा खेळ. त्यातही रेघा ओढायचा नकाशा नाही. पण समोरच्याला आधी ओरडून शरण यायला सांगायचे, आणि धोका नसताना गोळी घातली तर गुण कापले जातात. एवढ्या एका नियमाने प्रत्येक खोलीआधी श्वास रोखला जातो.

तिसरा आक्षेप खेळाडूंच्या बाजूने येतो. मूळ खेळात तयार आखणीही दिलेली असे, आणि ती तशीच स्वीकारून थेट बंदुकीकडे वळणारे कमी नव्हते. वापरलीच जात नसलेली गोष्ट काढली तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद बाजार-सर्वेक्षणाच्या भाषेत फार शोभतो. पण ज्याने आखणी कधीच केली नाही तोही आखणीसाठी रचलेल्या इमारतीत खेळत होता. तिला चार दारे होती, दोन जिने होते, मागची खिडकी होती. ती तशी होती कारण कोणीतरी कोणत्याही वाटेने येऊ शकत होता. आखणी काढली की रचनाकाराला चार दारांची गरज उरत नाही, आणि तो एक मार्ग कोरून देतो. वापरणारे थोडे असले तरी त्या सोयीने सगळ्यांचा खेळ घडवलेला असतो. हे आकडेवारीत दिसत नाही, म्हणूनच बैठकीत ते कोणी बोलत नाही.

राहता राहिला बाजार. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हेलो २’ ने अमेरिका आणि कॅनडात पहिल्या चोवीस तासांत साडेबारा कोटी डॉलरची विक्री केली. अशा वेळी कोणत्याही प्रकाशकाला कन्सोलचा खेळाडू म्हणजे धावणारा, उड्या मारणारा, अधीर खेळाडू वाटू लागणे समजू शकते. युबिसॉफ्टच्या दुसऱ्या मालिकेतही तेच वारे होते. ‘घोस्ट रिकॉन २’ कन्सोलवर आला, पीसीची आवृत्ती रद्द झाली, आणि पथकाच्या खेळात एकट्याने लढायच्या वेगळ्या मोहिमा आल्या. कन्सोलचा माणूस अधीर हे गृहीतक तेव्हा कोणी फारसे तपासले नाही. तपासणी झाली ती दहा वर्षांनी. ‘पेट्रियट्स’ नावाचा भाग २०११ मध्ये जाहीर होऊन पुढे गुंडाळला गेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ‘सीज’ आला, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसी या तिन्हींवर. पाच विरुद्ध पाच. फेरीत मेला तो ती फेरी संपेपर्यंत बाहेर. आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तयारीचा वेगळा वेळ. हल्ला करणारे चाकांचे छोटे ड्रोन सोडून टेहळणी करतात, बचाव करणारे भिंती पक्क्या करतात, दारे अडवतात. सुरुवात मंद होती, नंतर तो युबिसॉफ्टच्या सर्वांत दीर्घजीवी यशांपैकी एक ठरला, आणि त्याच्या कोट्यवधी खेळाडूंपैकी पुष्कळजण गेमपॅड हातात घेऊनच खेळत आले. जुलै २०२५ मध्ये ‘रेडी ऑर नॉट’ हा ‘स्वॉट ४’ च्या वळणाचा संथ, कठोर खेळही कन्सोलवर उतरला. त्याच्यावरचा वाद झाला तो कन्सोलच्या नियमांपायी काही दृश्ये सौम्य केली म्हणून. संथपणाबद्दल तक्रारीचा मोठा सूर निघाला नाही.

आता सुरुवातीला सांगितलेला परक्या हातांचा आक्षेप, जो महाराष्ट्रातून पाहताना सर्वांत महत्त्वाचा आहे. युबिसॉफ्टने रेड स्टॉर्म २००० साली विकत घेतली हे खरे. पण ‘लॉकडाउन’ बनवला कोणी? रेड स्टॉर्मनेच. मालिका जिथे जन्मली त्याच घराने. उलट ज्यांना जुने खेळाडू ‘बाहेरचे’ म्हणत त्या माँट्रियालच्या स्टुडिओने एक्सबॉक्सवरचा ‘रेनबो सिक्स ३’ बनवला, ‘व्हेगस’ बनवला आणि ‘सीज’ही बनवला. म्हणजे मूळचा कारागीर आणि चांगले काम यांची जोडी या मालिकेत तरी उलटीच निघते. कारागीर तेच असले तरी त्यांच्यापुढे काय ठेवले आहे, खेळाडूबद्दल काय धरून चाला असे सांगितले आहे, यावर वस्तू ठरते.

परक्या हातांनी बिघडवले, हाच शेरा पुढे पुण्यावर मारला गेला. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला, २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये या दोन स्टुडिओंकडून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली. पहिली झलक लोकांना जुनाट वाटली. ठरलेली तारीख जानेवारी २०२१ ची होती, म्हणजे जाहीर केल्यापासून साधारण चार महिने. ती मार्चवर गेली आणि फेब्रुवारीत बेमुदत लांबली. तेव्हा ‘भारतात करायला दिला, म्हणून असे झाले’ हे वाक्य जगभर सर्रास ऐकू आले, आणि आपल्याकडच्याही पुष्कळांनी ते मान डोलावून ऐकले. झलक कमी पडत होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वाक्याची परीक्षा घ्यायची संधी लवकरच मिळाली. मे २०२२ मध्ये सगळे काम माँट्रियालला गेले, जिथे २००३ चा मूळ खेळ घडला होता. अनुभवी हात, मूळ घर, मोठा स्टुडिओ, सगळे होते. २०२४ मध्ये एक छोटी झलक आणि ‘२०२६’ हे साल जाहीर झाले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळ रद्द केला. तोवर तो पुण्याबाहेर जाऊन साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.